मातीतला डावा बूट

१

एडलो गावच्या विहिरीवर बसायचं कबुतर गुरुवारी सकाळी कोठाराच्या फरशीवर पडलेलं सापडलं.

हायड्रेंजियाच्या पांढऱ्या पाकळ्यांचं कबुतर होतं ते. चोचीत शेवाळाची हिरवी डहाळी, पायाखाली इंद्रधनुष्य. खालच्या मोठ्या, मातीनं लिंपलेल्या लाकडी पाटांवर नोहाची नौका आणि वर कमानीवर हे. गावातल्या बायकांनी संध्याकाळच्या संध्याकाळ माना मोडून एकेक पाकळी ओल्या मातीवर बसवली होती. विहीर म्हणजे गावातला दगडी तोंडाचा झरा; दर वर्षी त्याला फुलांच्या चित्रांचे असे पाट चढवायची गावाची रीत. शनिवारी पाट विहिरीवर चढायचे होते, पाद्री आशीर्वाद देणार होता, बँड वाजणार होता. आता कमानीचा पाट भिंतीला टेकून उघडाबोडका उभा होता आणि त्याच्या पायाशी मातीची ढेप उताणी पडली होती. कबुतराच्या छातीवर, बरोबर मध्यावर, डाव्या बुटाचा ठसा.

बूट कुणाचा ते शोधावं लागलं नाही. कोठाराच्या दारापाशी गुडघाभर उंचीच्या बुटांची जोडी ठेवलेली असायची, त्यावर चिकटपट्टीवर नाव होतं : कीरन. न्यायालयानं पाठवलेला पोरगा.

ही बातमी आयव्ही बॅगशॉला शेजारच्या गावात, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळली. फोन नॅडीनचा होता.

"आयव्ही, बसलेल्या आहात ना?"

"तव्यावर ओटकेक आहेत, म्हणजे उभी आहे. बोल."

नॅडीन बोलली. आयव्हीनं ऐकता ऐकता ओटकेक उलटला, आणि मग गॅस बंद केला. दुसरी बाजू कच्चीच राहिली.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर आयव्ही पॅनेलवर बसायला लागली होती. पोरानं पहिल्यांदाच गुन्हा केला आणि कबूल केला, तर न्यायाधीश त्याला अशा पॅनेलकडे धाडतात. भागातले दोन स्वयंसेवक, नॅडीनसारखी एक सरकारी कार्यकर्ती, पोरगा, त्याची आई किंवा बाप, आणि आला तर ज्याचं नुकसान झालं तो माणूस. खुर्च्या गोल, मध्ये टेबल नाही. काय घडलं ते बोलायचं आणि पोरानं ते कसं भरून द्यायचं याचा करार करायचा. चाळीस वर्षं पोरांच्या ताटात बटाटे वाढल्यावर आयव्हीला या खोलीत बसणं जड गेलं नाही. भुकेलं पोरगं आणि चिडलेलं पोरगं सारखंच दिसतं, असं तिचं मत होतं.

कीरन फर्ननं वसंतात बेकरची व्हॅन पळवली होती आणि बसथांब्याच्या भिंतीत घातली होती. त्याला एडलोच्या विहिरीसाठी गारा तुडवायला लावू या, ही सूचना आयव्हीची. ती एडलोचीच लेक. लग्न होऊन बाहेर पडेपर्यंत दर वर्षी तिनं त्याच कोठारात पाकळ्या लावल्या होत्या.

"उद्या शेवटची बैठक," नॅडीन म्हणाली. "उद्या आपण सह्या केल्या की प्रकरण पुसलं जातं. सोमवारी तो पाथरवटाकडे उमेदवारीला लागतो. नाही केल्या तर परत न्यायालय, आणि पाथरवट म्हणालाय, मी कुणासाठी जागा धरून ठेवत नाही."

"कीरन काय म्हणतो?"

"काहीच नाही. तेच तर. नाही म्हटलं असतं तरी मी काही केलं असतं."

"मी जाऊन येते."

"आयव्ही, आपण पोलीस नाही. नियम आहे."

"माझ्या अंगणातल्या हायड्रेंजिया पोचवायच्यात. त्याला कुठला नियम आडवा येतो?"

नॅडीननं उसासा टाकला. तिनं नाही म्हटलं नाही.

२

बसमध्ये आयव्हीला एका जागी बसवेना. मांडीवर फुलांची टोपली, आणि मनात एकच : सूचना माझी होती. पोरगा फसला तर माझ्या सूचनेत फसला.

कोठारात बायका नव्हत्या. रोलंड मॅस्करी एकटाच पावांच्या ट्रेवर हात टेकून उभा होता. तो बेकर, व्हॅनवाला, आणि विहीर समितीचा अध्यक्षही तोच. देहानं आडवा, आवाजानं उभा.

"आलीस? ये, बदकू, बघ तुझ्या लाडक्याचे प्रताप." त्या खोऱ्यात लहानथोर सगळ्यांना बदकू म्हणतात, राग आला तरी.

"माझा लाडका नाही. मी फुलं आणलीत."

"फुलं कुठं लावायची? माझ्या डोक्यावर लाव." तो खुर्चीवर बसला. "मी व्हॅन विसरलो होतो, आयव्ही. खरंच. दुपारी पाव द्यायला आलो की हा अनवाणी पायांनी गाऱ्यात नाचत असायचा. मी म्हणायचो, पोरा, असा मळणारा मला बेकरीत हवा, फक्त पाय धुऊन ये. हसायचासुद्धा. आणि मग हे."

"हे तूच केलं नसशील कशावरून?"

रोलंडनं तिच्याकडे पाहिलं. "मी?"

"तुझी व्हॅन गेली. तो उद्या सुटणार. दाराची किल्ली तुझ्याकडे."

"किल्ली आपल्या चित्रवाल्या वॉल्टरकडेही आहे. त्याच्या लेकीकडे, ग्लेनिसकडेही." त्याला राग आला नव्हता, तो दमला होता. "मला बदला घ्यायचा असता तर त्याचं थोबाड फोडलं असतं. कबुतर कशाला फोडू? माझ्या बायकोनं लावलंय त्याचं शेपूट."

ढेप चादरीखाली झाकून लाकडी घडवंचीवर ठेवली होती, पाद्र्याला दाखवायला. आयव्हीनं चादर काढली. ठसा सुबक होता. टाचेपासून चवड्यापर्यंत नक्षीची रेघ न् रेघ उठलेली. ठशाच्या आजूबाजूची माती पाणी मारल्यासारखी चकचकत होती. तिनं ढेपेची कड बोटांनी उचलली आणि खालच्या अंगावरून अंगठा फिरवला. वरून ओली माती खालून बिस्किटासारखी कोरडी होती. लाकडाच्या रेषा त्यावर छापल्या गेल्या होत्या. तिनं किंचित जोर दिला तर कोपऱ्याचा तुकडा कटकन मोडून हातात आला.

ही माती तिनं पूर्वी एकदा पाहिली होती, फार पूर्वी, परकर वर खोचून याच कोठारात उभी असताना. कुठं चुकलं होतं त्या वर्षी? आठवेना.

"पाट कुठाय?"

"मागच्या भिंतीला लावलाय. कशाला?"

आयव्ही कोठाराच्या मागं गेली. भिंत होती, खाजकुयली होती, पाट ठेवल्याची खूण गवतात होती.

पाट नव्हता.

३

वॉल्टर हीथकोट अंगणात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. गावात सगळ्यात चांगलं चित्र काढणारा, पाटांचा मुख्य कारागीर. त्याच्या आधी त्याचा बाप होता. तरुणपणी आयव्ही त्याच्याबरोबर दोनतीन जत्रांत नाचली होती. त्याला पावलं यायची नाहीत, पण तो माफी फार छान मागायचा.

"आयव्ही. तू म्हातारी झालीस."

"तू आरशात बघत नाहीस का?"

तो खूश झाला. त्यानं तिला बाकावर बसवलं आणि कबुतराचं बोलणं निघताच त्याचा चेहरा उतरला. "वाईट झालं. फार वाईट. पण त्या पोरानं केलं असेल असं वाटत नाही. पहिल्या दिवशीच मी त्याचे बूट काढायला लावले. म्हटलं, बूट खडा लपवतो, पाय खडा सांगतो. त्या दिवसापासून अनवाणीच. हात सोन्याचे आहेत त्याचे. पायही."

"पाट यंदा जुनेच?"

"जुनेच. कमानीच्या पाटाची एक फळी कुजली होती, ती मी इथं शेडमध्ये बदलली. नवे खिळे ठोकले, माती धरायला. बाकीचे तळ्यात आठवडाभर होते, नेहमीसारखे. पाट प्याले पाहिजेत, आयव्ही, पोटभर प्याले पाहिजेत. माझा बाप म्हणायचा."

"काल संध्याकाळी तू कोठारात होतास?"

"छे. मी लवकर आलो घरी. चहा घेतला." त्यानं काठीला सुतळी बांधली, सोडली, परत बांधली. मग प्रेमानं विचारलं, "आई कशी आहे तुझी? गुडघे दुखतात का अजून?"

आयव्हीच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वॉल्टर होता.

"बरी आहे," आयव्ही म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. वॉल्टरची लेक ग्लेनिस, दवाखान्याच्या गणवेशात. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग पाहुणीकडे.

"मिसेस बॅगशॉ. यांना दमवू नका हं."

"मी वाटाणे बघत होते. सकाळी तूच पाहिलंस ना आधी?"

"कामावर जायच्या आधी पाणी शिंपडायला गेले होते. बूट पाहिला, ठसा पाहिला, रोलंडला बोलावलं. झालं." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला त्या मुलाबद्दल काही माहीत नाही. मी दिवसभर दवाखान्यात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. संध्याकाळी मी येईपर्यंत मातीचं काम आटोपलेलं असतं. मी नुसत्या पाकळ्या लावते. मी त्याला कधी धड पाहिलेलंही नाही."

"पाट कुठं गेला माहीत आहे?"

"पाट?" या वेळी तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. "कुठला पाट?"

४

फर्न मायलेकरं दगडखाणीच्या उतारावरच्या नव्या घरांत राहत. ट्रिना फर्ननं दार उघडलं ते भांडायच्या तयारीत.

"पॅनेलवाल्या ना तुम्ही? लिहायला आलात?"

"पाणी प्यायला आले. चढ आहे."

ट्रिनानं पाणी दिलं, आणि पाण्याबरोबर राग थोडा सांडला. "काल उशिरा आला, मी विचारलं कुठं होतास, तर म्हणाला, चाललो होतो. आज सकाळी तो रोलंड मॅस्करी दारात येऊन ओरडून गेला, हा नुसता उभा. मी म्हटलं, अरे, तोंड उघड. उघडत नाही. बापावर गेलाय. तोही निघून गेला तेव्हा काही बोलला नाही."

कीरन मागच्या पायरीवर बसला होता. वाढत्या वयाचा, मनगटं बाहीबाहेर आलेला. तो उठला, कारण पॅनेलच्या पहिल्या बैठकीत आयव्हीनं त्याला सांगितलं होतं की म्हातारी माणसं आली की उठावं, त्यांचा मूड चांगला राहतो.

"तू केलंस का?"

"उद्या बोलू ना. उद्या आहेच बैठक."

"उद्या सह्या आहेत. आज विचारतेय."

"मला काही सांगायचं नाही, आयव्ही. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

"पाथरवटाची जागा जाईल."

"माहीत आहे."

नाही म्हणणं किती सोपं होतं. चोरसुद्धा नाही म्हणतो. हा म्हणत नव्हता. आयव्हीनं त्याच्या खांद्यापलीकडे पाहिलं. दोरीवर त्याची जीन्स वाळत होती. गुडघ्यांपर्यंत गडद ओली, वर कोरडी, आणि शिवणीत मसुराएवढी हिरवी पानं अडकलेली. ही धुतलेली नव्हती. ही नुसती भिजलेली होती. अशी हिरवी डाळ त्या गावात एकाच ठिकाणी तरंगते, तळ्यात.

ती उतार उतरून थेट तळ्यावर गेली. तळ्याच्या काठाला लव्हाळा होता. एका जागी तो वाकला होता. तिनं छत्रीचं टोक पाण्यात घालून चाचपलं. लाकूड लागलं. वर दगड ठेवलेले होते, चारी कोपऱ्यांना, नीट, वजन सारखं पडेल असे.

कमानीचा पाट कुणी चोरला नव्हता, लपवलाही नव्हता. तो भिजत घातला होता.

आणि तेव्हा आयव्हीला ते जुनं वर्ष आठवलं.

५

संध्याकाळी कोठारात बायका जमल्या. बोलणं कमी होतं. ग्लेनिस नौकेच्या डोलकाठीवर काळी बोंडं बसवत होती. आयव्हीनं तिच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर चल म्हणाली. दोघी विहिरीपाशी गेल्या. पाणी दगडी तोंडातून संथ पडत होतं.

"मी लहान होते तेव्हा एकदा असंच झालं होतं," आयव्ही म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या वेळी. एक पाट तळ्यात घालायचा राहिला. कोरडं लाकूड तहानलेलं असतं. ते मातीतलं पाणी पिऊन टाकतं. माती वरून ओली दिसते, आपण रोज शिंपडतो ना. खालून ती वाळते, आक्रसते, खिळे सोडते. आडवी आहे तोवर राहते. पाट उभा केला की सुटते. त्या वर्षी कुणी लाथ मारली नव्हती. यंदाही नाही."

ग्लेनिस पाण्याकडे बघत होती. "मग ठसा?"

"ती ढेप माझ्या अंगठ्यानं मोडली, बाळ. सोळा वर्षांच्या पोरानं तिच्यावर पाय दिला असता तर तिचा चुरा झाला असता. ठसा टाचेला जेवढा खोल तेवढाच चवड्याला. आणि तिथंच पाणी मारलेलं, बाकी कुठं नाही. कुणीतरी बूट हातात धरून, हलक्या हातानं दाबलाय. ज्याला हलका हात माहीत आहे अशा कुणीतरी."

"गावात पुष्कळांचे हात हलके आहेत."

"आहेत. पण ज्यानं तो बूट उचलला त्याला वाटत होतं की कीरन तो घालतो. कीरन तो घालत नाही. पहिल्या दिवसापासून अनवाणी तुडवतो. रोलंडला माहीत आहे, तो रोज दुपारी त्याची चेष्टा करायचा. तुझ्या वडिलांना माहीत आहे, त्यांनीच बूट काढायला लावले. दिवसा येणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत आहे. किल्ली असलेल्या माणसांत एकच असं आहे जे दिवसा कधी आलं नाही."

ग्लेनिस विहिरीच्या कठड्यावर बसली. अंगठ्यानं नखातली माती काढू लागली.

"सकाळी दार उघडलं आणि मला कळलं," ती म्हणाली. "पाटाला हात लावला. कोरडा ठणठणीत. शेडमधून तळ्यात न्यायचा राहून गेला त्यांचा. गेल्या महिन्यात शेगडीवर किटली ठेवून गावात निघून गेले. समितीत दोघं जण आधीच म्हणतात, वॉल्टर आता थकला, दुसरा माणूस बघू. हे काम गेलं ना, मिसेस बॅगशॉ, तर ते खुर्चीत बसतील आणि परत उठणार नाहीत. मी रोज बघते तशी माणसं."

"आणि पोरगा?"

"त्याचं नाव आधीच खराब आहे." तिनं ते म्हटलं आणि स्वतःच ऐकलं. "मला वाटलं, थोडी भर पडली तर... त्याला काय, दोनचार दिवस काम वाढवून देतील. मला न्यायालयाचं माहीत नव्हतं. पाथरवटाचंही. शपथेवर."

"आता कळलं."

"तुम्ही सांगणार?"

आयव्हीला सांगायचं होतं. आत्ता, रोलंडला, सगळ्या बायकांना, मोठ्यानं. तिनं टोपलीची दांडी घट्ट धरली. "उद्या चार वाजता मेथडिस्ट चर्चच्या सभागृहाची मागची खोली. पॅनेलला कुणाला ओढून आणता येत नाही. ज्याचं त्यानं यायचं असतं. तू आली नाहीस तर मला जे माहीत आहे ते मी बोलेन, आणि त्यात तुझ्या वडिलांचं नाव माझ्या तोंडून येईल. तुझ्या तोंडून आलं तर बरं."

परतीच्या बसमध्ये तिला एकच गोष्ट टोचत राहिली. ग्लेनिसला पाट कुठं गेला हे माहीत नव्हतं. तो कीरननं भिजवला. म्हणजे माती का सुटली हे कीरनला ग्लेनिसइतकंच माहीत होतं. मग तो गप्प कुणासाठी?

६

क्लिफर्ड, पॅनेलवरचा दुसरा स्वयंसेवक, नेहमीप्रमाणे आल्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन आला होता. नॅडीन होती. ट्रिना होती, ओठ घट्ट मिटून. रोलंड आला होता, नुकसान झालेला माणूस म्हणून त्याचा तो हक्क होता. कीरन स्वच्छ शर्ट घालून गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. एक खुर्ची रिकामी होती.

"सुरू करू या का?" नॅडीननं विचारलं.

"जरा थांबू," आयव्ही म्हणाली.

"कुणासाठी?" रोलंड म्हणाला. "माझे पाव भट्टीत आहेत."

आयव्हीनं तोंड उघडलं, आणि दार उघडलं. ग्लेनिस कामावरून तशीच आली होती. ती रिकाम्या खुर्चीवर बसली, आणि कुणी विचारायच्या आत, जमिनीकडे बघत, सगळं सांगून टाकलं. कोरडा पाट. वडील. बूट. हातानं दाबलेला.

ट्रिना अर्धी उठली. "माझ्या पोराच्या बुटानं?"

"हो."

"तू रोज म्हाताऱ्यांची सेवा करतेस आणि माझ्या पोराच्या..."

"आई, बस," कीरन म्हणाला. "मला माहीत होतं."

आयव्हीनं हलकेच विचारलं, "काय माहीत होतं, कीरन? आता सांगायला हरकत नाही."

त्यानं ग्लेनिसकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. "कमानीचा पाट शेडमधून मी उचलून आणला. एकट्यानं उचलला. बाकीच्यांना चार माणसं लागली. मला तेव्हाच वाटलं, हा हलका कसा. पण वॉल्टर इतके खुशीत होते, नवी फळी दाखवत होते. मी विचारलं नाही. बुधवारी सगळ्या गेल्यावर ते म्हणाले, थांब, लांबून बघू या. आम्ही दोघांनी पाट भिंतीला उभा केला. ते मागं मागं दारापर्यंत गेले, डोळे बारीक करून बघत होते. आणि माती खाली आली. सगळी, एकदम."

"मग?"

"त्यांनी वाकून एक पाकळी उचलली. मग म्हणाले, ग्लेनिसला सांगू नकोस, ती मला घरात बसवेल. मी म्हटलं, नाही सांगणार. त्यांना एकटं जाऊ देववेना, म्हणून घरापर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी पोचेपर्यंत ते विसरले होते. मला म्हणाले, कबुतर छान जमलंय ना यंदा. मी हो म्हटलं. काल मी तो पाट तळ्यात घातला, पुन्हा माती धरावी म्हणून."

ग्लेनिसनं चेहरा हातांत लपवला. क्लिफर्डनं डबा तिच्यासमोर धरला, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. तिनं खरंच एक बिस्कीट घेतलं आणि हातात धरून ठेवलं.

रोलंड खाकरला. "माझी आई," तो म्हणाला, "शेवटच्या वर्षी कणकेत मिठाऐवजी धुण्याचा सोडा घालायची. अख्ख्या गावानं तो पाव खाल्ला. एक माणूस बोलला नाही. मला ती गेल्यावर कळलं." तो टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिला. "समितीत जे काय म्हणायचं ते मी म्हणेन. वॉल्टर राहील. पण ते पोरानं केलं नाही, हे गावाला कळलं पाहिजे. मी त्याच्या दारात जाऊन ओरडलोय, सगळ्या आळीनं ऐकलंय."

"आज या खोलीत नुकसान कीरनचं झालंय," आयव्ही म्हणाली. "तेव्हा त्याला विचारू. कीरन, काय केलं म्हणजे तुझं भरून निघेल?"

त्याला असं कुणी आजवर विचारलं नसावं. त्यानं वाकून बुटाची नाडी घट्ट केली.

"पाट शनिवारी चढताना वॉल्टर पुढं असले पाहिजेत. पुढच्या वर्षी पाट तळ्यात घालायला मी येईन. ते सांगतील, मी घालीन. म्हणजे राहून जाणार नाही." मग तो ग्लेनिसकडे वळला, आणि आवाज जरा कडक झाला. "आणि आज संध्याकाळी कोठारात सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं की बूट तुम्ही दाबला. का ते तुम्ही ठरवा. त्यांचं नाव घ्यायचं नाही. पण मी नव्हतो, हे सांगायचं."

"लोक म्हणतील, मी मत्सरानं केलं," ग्लेनिस म्हणाली. "वेडेपणानं केलं. मला त्या गावात राहायचंय."

"मलाही," कीरन म्हणाला.

ग्लेनिसनं मान हलवली. एकदा, मग परत एकदा. "सांगेन. आजच."

ट्रिनानं पर्स उघडली, बंद केली, आणि रुमाल ग्लेनिसच्या मांडीवर टाकला, देताना तिच्याकडे न बघता.

नॅडीननं कागद पुढं केला. क्लिफर्डनं सही केली, आयव्हीनं केली.

"झालं," नॅडीन म्हणाली. "प्रकरण संपलं, कीरन."

तो उठला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "जाऊ का मग?"

"आता विचारायचं कारण नाही," आयव्ही म्हणाली.

तो क्षणभर तसाच थांबला. न विचारता निघायचं कसं, हे पाय विसरल्यासारखे. मग तो गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं आधी सावकाश वाजली, मग भराभर. ट्रिनानं मागून हाक मारली, "अरे, दार लाव," पण तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता, आणि दार लावायला कुणी उठलं नाही.